निकामी बंधारे आणि चढणीच्या माशांची वाट

सोलापूर जिल्ह्यात भीमा व सीना या नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे अनेक बंधारे आहेत. पावसाळा सरताना खांबांमधील मोऱ्यांत बर्गे बसवून पाणी अडवावयाचे आणि पुढील पावसाळ्यापूर्वी ते काढून नदी मोकळी करावयाची, अशी या बंधाऱ्यांची रीत आहे. पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन रांगा लावून मध्ये माती भरीत. पुढे लोखंडी बर्गे आले. या बंधाऱ्यांनी रब्बी पिकांस व काठावरील विहिरींस मोठा आधार दिला आहे, यात शंका नाही. परंतु एखादा बंधारा गाळाने भरतो, एखाद्याचे खांब ढासळतात, कोठे बर्गे चोरीस जातात. असा बंधारा शेतास पाणी देत नाही. माशांची वाट मात्र अडवून बसतो.

मृगाच्या पावसाने नदीस गढूळ पाणी आले की अनेक जातींचे मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतात. आपण त्यांना चढणीचे मासे म्हणतो. काठावरच्या उथळ पाण्यात किंवा स्वच्छ वाळू-गोट्यांवर त्यांना अंडी घालावयाची असतात. बर्गे वेळेवर निघाले नाहीत, तर हे मासे बंधाऱ्याखालीच अडकतात आणि अंड्यांनी भरलेली मादी जाळ्यात सापडते. बर्गे नसले तरी अडचण पूर्णपणे टळते असे नाही. पाण्याच्या माऱ्याने खालच्या अंगाचे पात्र खचते, बंधाऱ्याचे जोते पायरीसारखे उंच पडते आणि लहान माशांस ती पायरी चढवत नाही. वरच्या अंगास साचलेल्या गाळाखाली गोटे बुजतात. महसीर गोट्यांवर अंडी घालतो. तेथे गाळ बसला की अंडी गुदमरतात. उलट चिलापीस साचलेले पाणी मानवते. उजनीच्या जलाशयात तिचे प्रमाण किती वाढले आहे, हे तेथील मच्छीमारांस सांगावयास नको.

पूर्वी या नद्यांत काय होते, याची एक जुनी नोंद आहे. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. शिंगाळ्याचे शास्त्रीय नाव त्याने आपल्याच मराठी नावावरून ठेवले. त्याच्या यादीत अहीर हा सापासारखा लांब मासाही आहे. हा मासा समुद्रात जन्मतो व नद्यांतून वर येतो. म्हणजे तो कृष्णेतून भीमेत शिरून दख्खनच्या पठारावर चढत असे! आज त्या वाटेवर नागार्जुनसागर, श्रीशैलम आणि १९८० साली पुरे झालेले आपले उजनी उभे आहे. ही धरणे निकामी नाहीत व ती काढण्याचा प्रश्नही नाही. अहिराची वाट खुली करणे आपल्या हाती नाही. पण चढणीच्या स्थानिक माशांस काही कोस मोकळी नदी मिळाली तरी पुष्कळ होते.

निरुपयोगी बांध काढल्याने नदी सुधारते, हे परदेशी दिसून आले आहे. अमेरिकेतील एल्व्हा नदीवर विजेसाठी १९१३ व १९२७ साली बांधून झालेली दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात काढण्यात आली. सुमारे शंभर वर्षे अडलेला सामन मासा पुन्हा वर जाऊ लागला. मात्र त्या धरणांमागे सुमारे दोन कोटी घनमीटर गाळ होता. तो एकदम सुटू नये, म्हणून भिंती टप्प्याटप्प्याने उतरविल्या गेल्या.

आपल्याकडेही घाई नको. निकामी दिसणाऱ्या बंधाऱ्यामुळे काठच्या विहिरींस पाझर मिळत असू शकतो. त्यावरून शेताची वाटही जात असते. औज येथील बंधाऱ्यासारखे काही बंधारे तर सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी उपयोगी पडत आले आहेत. त्यांस कोणी निकामी म्हणणार नाही. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आधी उन्हाळ्यात पाहणी करावी. बंधाऱ्यात पाणी किती महिने टिकते, गाळ किती आहे, खालची पायरी किती उंच आहे आणि कोणत्या विहिरी त्यावर अवलंबून आहेत, हे लिहून घ्यावे. पाण्याविषयी शेतकऱ्यांस व माशांविषयी भोई-कोळी बांधवांस विचारावे. मासे कोठे अडतात हे त्यांच्याइतके कोणासच ठाऊक नसते, आणि नेमके त्यांनाच कोणी विचारीत नाही. ही माहिती ग्रामसभेपुढे ठेवून बंधारा ज्या खात्याचा असेल त्याच्याकडे पाठवावी. बंधारा दुरुस्त करावयाचा, जोत्याखाली दगडांचा उतार रचून माशांस वाट द्यावयाची, की तो उतरवावयाचा, हे अभियंत्याने ठरवावयाचे आहे. गावकऱ्यांनी स्वतः पहार लावू नये.

जे बंधारे चालू आहेत, त्यांचे बर्गे मेअखेर निघालेच पाहिजेत. यात शेतकऱ्याचाही स्वार्थ आहे. मोऱ्या बंद राहिल्या तर पूर बंधाऱ्यास वळसा घालून काठ कापतो आणि कसदार माती घेऊन जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचा महापूर ज्यांनी पाहिला, त्यांस पाण्याचा हा जोर निराळा सांगावयास नको. काढलेले बर्गे मोजून, नोंद करून, गावातील कुलूपबंद जागेत ठेवावेत. नदीकाठी सोडलेले बर्गे ऑक्टोबरमध्ये जागेवर सापडतीलच असे नाही.