बंदराचा जमाखर्च

हॅम्बुर्ग दरवर्षी मे महिन्यात आपल्या बंदराचा वाढदिवस थाटात साजरा करते. जन्मतारीख ठरलेली आहे: ७ मे ११८९. त्या दिवशी सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने सनद दिली आणि शहरापासून समुद्रापर्यंत एल्ब नदीवर हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांना जकात माफ झाली, असे सांगतात. गंमत अशी की जी सनद दाखवली जाते ती बनावट आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरातल्याच मंडळींनी ती हिशेबाने तयार करवून घेतली, हे इतिहासकारांनी केव्हाच दाखवून दिले. तरी वाढदिवस होतो, शिडाची जहाजे येतात, लाखो लोक जमतात. जकात चुकवण्याची ही जुनी हौस ध्यानात ठेवली, तर हे शहर पाहताना पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. इथे देखणे म्हणून जे दाखवतात, त्यातले बहुतेक कुणीतरी नफ्यासाठी बांधले आणि त्याची किंमत बऱ्याचदा दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

हॅम्बुर्गला समुद्र दिसत नाही. उत्तर समुद्र शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. पण भरती-ओहोटी इथपर्यंत येते आणि पाण्याची पातळी दिवसातून दोनदा साडेतीन मीटरच्या आसपास चढते-उतरते. लांडुंग्सब्र्युकन हा मुख्य धक्का म्हणूनच तरंगत्या तराफ्यांवर उभा आहे. ओहोटीला त्यावर जायचे पूल घसरगुंडीसारखे तिरपे होतात, भरतीला जवळपास सपाट. बंदराच्या सफरीची महाग तिकिटे विकणारे इथे हाका मारत असतात. त्यांना नमस्कार करून ६२ क्रमांकाची फेरीबोट धरावी. ती शहराच्या बस-रेल्वेच्या साध्या तिकिटावर फिंकेनवेर्डरपर्यंत नेते आणि गोद्या, क्रेन, कंटेनरची जहाजे सगळे दाखवते.

धक्क्याच्या टोकाला घुमटाची एक इमारत आहे. तिच्यातून १९११चा जुना एल्ब बोगदा सुरू होतो: सव्वाचारशे मीटर लांब, नदीच्या पातळीखाली चोवीस मीटर, भिंतींवर चकचकीत फरशा आणि त्यांत मासे, खेकडे, अगदी फेकलेला बूटसुद्धा कोरलेला. पलीकडच्या जहाजबांधणीच्या कारखान्यांत हजारो कामगारांना वेळेवर पोचवायचे म्हणून तो खणला. दाबाखालच्या हवेत खोदकाम करताना शेकडो मजूर आजारी पडले, काही दगावले. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. पलीकडच्या काठावरून शहराचे जे दृश्य दिसते ते कुठल्याही मनोऱ्यावरून दिसणाऱ्या दृश्यापेक्षा सरस, असे माझे मत.

वेळ थोडा असेल तर बाकी सगळे सोडून श्पायखरश्टाट, म्हणजे वखारींचे शहर, पाहावे. १८७१ला जर्मन साम्राज्य झाले, पण हॅम्बुर्ग त्याच्या जकातरेषेबाहेरच राहिले होते. बिस्मार्कच्या रेट्यापुढे शेवटी १८८८ला ते आत आले, मात्र अट घालून: बंदराचा एक तुकडा जकातमुक्त राहील. त्या तुकड्यात माल साठवायला वखारी हव्यात आणि वखारींना जागा हवी. मग केरवीडर आणि वांडराम या बेटांवरची वस्ती उठवली. सुमारे वीस हजार माणसे बाहेर पडली. व्यापाऱ्यांचे वाडे गेले, त्याबरोबर गोदीकामगारांच्या चाळीही गेल्या. दलदलीत ओकचे खांब ठोकून त्यांवर लाल विटांच्या सात-आठ मजली वखारी चढल्या. फ्रांट्स आंद्रेआस मायर या अभियंत्याने त्यांना बुरूज, कमानी, हिरव्या तांब्याची छपरे दिली, त्यामुळे कॉफीची पोती ठेवायची जागा लांबून किल्ल्यासारखी वाटते.

रचना मात्र पक्की व्यवहारी. प्रत्येक वखारीचे एक तोंड कालव्याकडे, दुसरे रस्त्याकडे. भरतीच्या पाण्यावर सपाट पडाव आत यायचे, छपराखाली बाहेर आलेल्या कप्पीवरून दोर सुटायचा आणि कॉफी, चहा, कोको, मसाले, गालिचे मजल्यामजल्यावरच्या दारांतून आत ओढले जायचे. जाड भिंतींमुळे हवा वर्षभर बेताची थंड आणि कोरडी राहायची. माल सांभाळणारे, तपासणारे, नमुने काढणारे लोक भागीदाऱ्या करून राहत. त्यांची हत्यारे, चाळण्या आणि पोती वखारीतल्याच छोट्या संग्रहालयात आहेत, तिथे अवश्य जावे. कंटेनर आले आणि हा धंदा मावळला. २००३ला हा भाग जकातमुक्त क्षेत्रातून काढला, २०१५ला तो जागतिक वारसा ठरला. शेजारचे चिलीहाउसही त्याच यादीत आहे. चिलीच्या सोऱ्यावर श्रीमंत झालेल्या हेन्री स्लोमानने १९२०च्या दशकात ते बांधवले. त्याचा एक कोपरा जहाजाच्या नाळेसारखा निमुळता होत जातो. मुले बरोबर असतील तर वखारीतल्या मिनिआटुर वुंडरलांड या खेळण्यातल्या रेल्वेच्या जगात अर्धा दिवस जाईल. तिकीट आधी काढावे.

पुढच्या टोकाला एल्बफिलहार्मोनी. कोको-चहाच्या जुन्या गोदामावर काचेची लाट चढवावी तसे हे संगीतगृह २०१७ला उघडले. शहराच्या तिजोरीला ७ कोटी ७० लाख युरोंचा भार पडेल असे सुरुवातीला सांगितले होते, तो पोचला ७८ कोटी ९० लाखांवर. वर्षानुवर्षे शिव्या घालणारे हॅम्बुर्गकर आता पाहुण्याला आधी तिथेच नेतात. मैफलीचे तिकीट मिळाले नाही तरी लांब, वळणाच्या सरकत्या जिन्याने सदतीस मीटर उंचीवरच्या गच्चीवर जाऊन यावे. मागे पसरलेल्या हाफेनसिटी या नव्या वस्तीत चौकांना वास्को द गामा, मॅगेलन, मार्को पोलो अशी नावे आहेत. वास्कोच्या नावाचे शहर आपल्या गोव्यातही असल्याने मराठी माणूस तिथे जरा थबकतो. इथल्या इमारती मुद्दाम उंच भरावावर आहेत. १९६२च्या फेब्रुवारीतल्या वादळी पुरात बंधारे फुटले आणि शहरात तीनशेहून जास्त माणसे मेली, त्याची ही आठवण. याच वस्तीतल्या लोझेपार्कमध्ये जुन्या हानोव्हर स्थानकाचे अवशेष आहेत. नाझी काळात आठ हजारांहून अधिक ज्यू, सिंती आणि रोमा माणसांना तिथून गाड्यांत भरून छळछावण्यांकडे धाडले.

प्रवासाच्या पुस्तकांत सहसा नसते असे एक ठिकाण म्हणजे काल्टेहोफे हे नदीतले बेट. तिथे पाणी गाळण्याची जुनी कुंडे आणि छोटे मनोरे आहेत. त्यांची गोष्ट १८९२ची. त्या वर्षी हॅम्बुर्गचे नळ एल्बचे पाणी न गाळताच पुरवत होते, कारण वाळूची गाळणी बांधायचा खर्च नगरशेठांना वर्षानुवर्षे जड वाटत होता. ऑगस्टमध्ये पटकी आली. अधिकाऱ्यांनी जाहीर करायला उशीर केला, कारण साथ म्हटली की बंदर बंद. काही आठवड्यांत ८,६००हून अधिक माणसे गेली. वखारींसाठी उठवलेल्यांतली अनेक कुटुंबे ज्या अरुंद बोळांत दाटीने राहत होती, तिथे कहर सर्वाधिक. शेजारचे आल्टोना तर नदीच्या खालच्या अंगाला, हॅम्बुर्गची घाण मिसळलेलेच पाणी घेणारे. पण ते वाळूतून गाळत होते आणि बरेचसे वाचले. सरहद्दीच्या एकाच रस्त्यावर एका बाजूच्या घरांत पटकी, दुसऱ्या बाजूला नाही. पटकीचा जंतू कोलकात्यात ओळखून आलेला रॉबर्ट कॉख चौकशीला आला, तेव्हा पाण्याविषयीच्या वादाला याहून स्वच्छ पुरावा नको होता. काल्टेहोफेची गाळणी १८९३ला सुरू झाली. साथीच्या त्याच वर्षी पॅरिसमध्ये वाल्डेमार हाफकिनने पटकीची लस स्वतःला टोचून घेतली. पुढे प्लेगच्या काळात तो मुंबईत आला आणि परळची संस्था आज त्याच्या नावाने आहे.

साथीचा ठपका रशियातून आलेल्या गरीब स्थलांतरितांवर ठेवला गेला. अमेरिकेला जाणारी ही गर्दी म्हणजे हॅम्बुर्गच्या बोट कंपन्यांची मोठी कमाई, ती सोडवत नव्हती. हापाग कंपनीच्या आल्बर्ट बालिनने तोडगा काढला. फेडेल बेटावर १९०१पासून त्यांच्यासाठी वेगळी वसाहत उभी राहिली: तपासणी, अंघोळ, झोपायच्या खोल्या, ज्यूंसाठी कोशर जेवण. आज तिथे बालिनश्टाट संग्रहालय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३०च्या दशकापर्यंत सुमारे पन्नास लाख माणसे या बंदरातून परदेशी गेली.

सेंट निकोलाय चर्चचा काळवंडलेला मनोरा चुकणार नाही. १८७४पासून दोन वर्षे ही जगातली सर्वांत उंच इमारत होती. १९४३च्या जुलैत बॉम्बफेकी विमानांना तिचाच नेम धरायला उपयोग झाला. त्या बॉम्बफेकीत आणि तिने लागलेल्या आगीत तीस हजारांहून अधिक माणसे मेली.

खाण्यापिण्याचे थोडक्यात. पावात खारवलेला हेरिंग मासा आणि कांदा, हे इथले रस्त्यावरचे खाणे. शाकाहाऱ्याने दालचिनी-साखरेचा फ्रान्झब्र्योट्खन खावा आणि समाधान मानावे. आल्टोनाचा मासळीबाजार १७०३पासून रविवारी पहाटे भरतो आणि साडेनऊला उठतो. चर्चची वेळ व्हायच्या आत मासळी खपली पाहिजे, हा मूळ हिशेब. आता तिथे मासळीपेक्षा केळ्यांच्या टोपल्या आणि रात्रभर जागलेले पर्यटकच जास्त दिसतात, तरी विक्रेत्यांच्या आरोळ्या ऐकायला जावेच.

आजचे खरे बंदर पलीकडच्या काठावर आहे. आल्टेनवेर्डर हे कोळ्यांचे गाव कंटेनरच्या तळासाठी हळूहळू रिकामे केले, शेवटचे रहिवासी १९९०च्या दशकात गेले. तळ २००२ला सुरू झाला आणि तिथे कंटेनर वाहणाऱ्या गाड्यांना चालक नसतात. गावातले चर्च तेवढे झाडीत शिल्लक आहे आणि त्यात अजून प्रार्थना होते. जवळच वाल्टरसहोफमध्ये खलाशांसाठी १९८६पासून डुकडाल्बन नावाचा क्लब आहे. तिथल्या प्रार्थनेच्या खोलीत निरनिराळ्या धर्मांचे कोपरे आहेत. घरातला एखादा माणूस बोटीवर असलेल्या कोकणातल्या कुटुंबांना अशा खोलीचे मोल सांगावे लागत नाही.

शेवटी लोकल रेल्वेने वेडेलला जावे. हद्दीबाहेरच्या या गावात नदीकाठी १९५२पासून येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजांना ध्वनिक्षेपकावरून मानवंदना मिळते. जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्या देशाचे राष्ट्रगीत वाजते. सुभाषबाबूंच्या उपस्थितीत ११ सप्टेंबर १९४२ला भारतीय राष्ट्रगीत म्हणून ‘जन गण मन’ वाजले ते याच हॅम्बुर्गमधल्या आटलांटिक हॉटेलात. वेडेलला ते ऐकायचे तर भारतीय झेंड्याचे जहाज यायला हवे, आणि ते क्वचित येते. लायबेरियाचे राष्ट्रगीत मात्र वरचेवर कानी पडते. खर्च वाचावा म्हणून जर्मन मालकांनी आपली कितीतरी जहाजे लायबेरियाच्या झेंड्याखाली नोंदवून ठेवली आहेत.