सेट-टॉप बॉक्स आला म्हणून व्हीसीआर भंगारात देऊ नका

आपल्या अनेक घरांत कपाटावर किंवा पलंगाखाली एखादा व्हीसीआर अजून पडून आहे. कुणी आखातातून येताना आणलेला, कुणी मुंबईच्या बाजारातून घेतलेला. मुंबईत केबल २०१२ च्या अखेरीस डिजिटल झाली, तर खेड्यापाड्यांसाठी ३१ मार्च २०१७ ही शेवटची मुदत होती. तेव्हापासून व्हीसीआरवर चॅनल लागत नाही. मग ‘मशीन बिघडलं’ असं समजून लोक ते भंगारवाल्याला देतात. सोबत निकाहच्या, वलीम्याच्या कॅसेटीही जातात. आमचं सांगणं एवढंच, थोडं थांबा.

बंद काय झालं?

व्हीसीआरमधला ट्यूनर फक्त जुना ॲनालॉग सिग्नल ओळखतो, डिजिटल नाही. म्हणून तो स्वतः चॅनल पकडू शकत नाही. पण कॅसेट दाखवण्याचा आणि ट्यूनरचा काही संबंध नाही. ते काम मशीन आजही करतं.

नव्या टीव्हीला कसं जोडायचं?

व्हीसीआरच्या मागच्या आउट जागेतून पिवळी वायर चित्रासाठी आणि पांढरी-लाल आवाजासाठी निघते. टीव्हीला तशाच रंगाच्या जागा असतील तर सरळ जोडा आणि रिमोटवरून ‘एव्ही’ निवडा. काही टीव्हींना त्याऐवजी एकच बारीक गोल जागा असते, तिला वेगळी वायर लागते. फक्त एचडीएमआय असेल तर छोटा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. दुकानात ‘एव्ही टू एचडीएमआय’ असंच मागा. ‘एचडीएमआय टू एव्ही’ उलट काम करतो, तो इथे चालत नाही.

कॅसेट लावण्यापूर्वी

खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी समजा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हमखास धरते. अशी कॅसेट लावू नका, मशीनच्या हेडमधून ती दुसऱ्या कॅसेटींनाही लागते. ती जाणकाराकडूनच साफ करून घ्या.

मशीन बरीच वर्षं बंद असेल तर आधी एखादी बिनकामाची कॅसेट लावून बघा. टेप ओढली-गुंडाळली तरी नुकसान नाही. मग महत्त्वाची कॅसेट घ्या, तिच्या पाठीवरची प्लास्टिकची छोटी पट्टी तोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. एकदा पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे फिरवा आणि नंतरच प्ले करा.

कॉम्प्युटरवर कसं उतरवायचं?

यूएसबीला लागणारं व्हिडिओ कॅप्चर नावाचं छोटं यंत्र मिळतं. व्हीसीआरच्या वायरी त्यात घालायच्या. सॉफ्टवेअरमध्ये ‘पाल’ निवडा, कारण भारतातल्या कॅसेटी त्याच पद्धतीच्या. ‘एनटीएससी’ राहिलं तर चित्र काळं-पांढरं येतं किंवा हलत राहतं. अमेरिकेतून आलेली कॅसेट मात्र एनटीएससी असते, तिला मल्टिसिस्टिम व्हीसीआर लागतो.

तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात. डीव्हीडीच्या दर्जात तासाला साधारण २ जीबी जागा धरा. तयार फाइल दोन ठिकाणी ठेवा. एकच पेन ड्राइव्ह हरवला तर सगळी मेहनत वाया.

दुकानात देताना

आपल्या शादीच्या कॅसेटीत घरातल्या बायका-मुलींचं चित्रण असतं. कॅसेट अनोळखी दुकानात देण्याआधी घरच्या बायकांना विचारा. दुकानदाराला कॉपी आपल्याकडे ठेवू नका, असं स्पष्ट सांगा. शक्य असेल तर काम घरीच करा, कॉलेजात जाणारी मुलं हे सहज करतात.

उशीर का नको?

टेपवरचा चुंबकीय थर वर्षागणिक झिजतो. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्या वेळी मशीन बनवणारी तीच शेवटची कंपनी उरली होती. आता आहेत ती मशीनंच दुरुस्त करून वापरायची.

सुरुवात एकाच कॅसेटपासून करा. जिच्यात मरहूम दादा, दादी किंवा नानी बोलताना दिसतात, ती आधी घ्या. फोटो अल्बममध्ये सापडतील, पण त्यांचा आवाज त्या टेपशिवाय कुठेच नाही.