दाराशी बसून पाहिलेला किड्स क्लब

जहाजावरचा किड्स क्लब पाहायचा असेल तर तो दाराशी बसून पाहावा. आतल्या लेगोच्या राशी, भिंतीवरचे देवमासे, छताला टांगलेल्या पाणबुड्या यांचे फोटो माहितीपत्रकात असतातच. कामाचा खरा कस लागतो तो मूल आत घेताना आणि परत हाती देताना. सिंगापूरच्या मरिना बे क्रूझ सेंटरवरून निघालेल्या आमच्या जहाजावर लेक-जावई पोहायला किंवा नाटकाला गेले की मी विणकाम घेऊन त्या दारासमोरच्या बाकावर बसायची. नातू आत, मी बाहेर. सगळी नोकरी बालवाडीत झाली, त्यामुळे समुद्रापेक्षा मला त्या दाराचीच जास्त गोडी लागली.

एरवी मोठ्यांना आत प्रवेश नसतो. पहिल्या दिवशी जहाज सुटण्याआधी तेवढं सगळ्यांना आत हिंडू देतात. मी तेव्हा पाहून घेतलं. कपाटं बुटकी, टेबलांचे कोपरे गोल, रंगीत खडू मुलाच्या हाताला येतील अशा उंचीवर. सामान मुलाच्या मापाचं हवं, हा बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांच्या परंपरेत आम्ही गिरवलेला पहिला धडा. पण संडासाचं ते चिमुकलं भांडं पाहून मी थबकलेच. आमच्या बालवाडीला असं भांडं कधी मिळालं नाही. अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या जहाजांवर तिथल्या रोगनियंत्रण केंद्राची, म्हणजे सीडीसीची, स्वच्छता तपासणी असते. १९७० च्या दशकात सुरू झालेल्या त्या योजनेच्या नियमपुस्तकात मुलांच्या खोल्यांचा वेगळा विचार केलेला आहे. मुलांच्या भांड्याची उंची जास्तीत जास्त २८० मिलिमीटर असावी, इथपर्यंत. हे मोजमाप ज्याने लिहिलं त्याने कधीतरी तीन वर्षांच्या पोराला मोठ्या भांड्यावर दोन्ही हातांनी तोल सावरताना पाहिलं असणार.

वयाचे गट बहुतेक जहाजांवर थोड्याफार फरकाने सारखेच. रॉयल कॅरिबियनच्या ‘ॲडव्हेंचर ओशन’मध्ये मूल तीन वर्षांचं झालं की घेतात, कार्निव्हलच्या ‘कॅम्प ओशन’मध्ये दोन वर्षांपासून. डिस्नेच्या जहाजांवर सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांसाठी वेगळी नर्सरी असते आणि तिचे तासावर पैसे पडतात. मोठ्या मुलांचं दिवसभराचं खेळणं तिकिटातच धरलेलं असतं. आमच्या जहाजावर रात्री दहानंतर तासाचा दर सुरू व्हायचा.

तीन वर्षांच्या अटीला आमच्या जहाजावर एक जोडअट होती: लंगोट सुटलेला हवा आणि मुलाला आपलं आपण आवरता आलं पाहिजे. पहिल्याच संध्याकाळी एक तरुण आई दारात गयावया करत होती. ‘‘अहो, पुल-अप घातलंय, तासाभरात काही होत नाही.’’ दारावरची मुलगी दक्षिण आफ्रिकेची होती. तिने नाही म्हटलं, पण नुसतं नाही म्हणून सोडलं नाही. आईबाबा सोबत बसून खेळू शकतील अशी लहानग्यांची वेळ कधी असते ते कागदावर लिहून दिलं. मला ती आई निघून जाताना वाईट वाटलं, तरी नियम मला पटतो. बंद जहाजावर हजारो माणसं एकत्र जेवतात. नोरोव्हायरस शिरला की उलट्या-जुलाब एका केबिनमधून दुसऱ्या केबिनमध्ये पसरायला वेळ लागत नाही, आणि हाताला चोळायचं अल्कोहोलचं सॅनिटायझर त्याच्यावर साबण-पाण्याइतकं चालत नाही. म्हणून दारातून आत गेलेलं प्रत्येक मूल आधी बेसिनपाशी जायचं. सत्र संपलं की दोघं-तिघं खाली बसून खेळणी वेगळी काढायची, धुवायची, पुसायची. तोंडात गेलेलं खेळणं लगेच बाजूच्या टोपलीत. मुलं गेल्यावरचं हे काम फोटोत येत नाही. मी मात्र सुया थांबवून ते बघत बसायची.

रडणारं मूल कसं आत घेतात, हे मला सगळ्यात जास्त बघायचं होतं. आमच्याकडे जूनमध्ये शाळा सुरू झाली की पंधरा दिवस रडारड चालायची. मुलं हळूहळू रुळायची, कारण बाई तीच, खोली तीच, आणि वर्षभराचा वेळ हाताशी. इथे चार रात्रींची सफर. पहिला दिवस रडण्यात गेला तर उरतंय काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी एक छोटी वडिलांच्या पायाला मिठी मारून बसली होती. वडील तिला सोडवू पाहत होते, ती आणखी घट्ट धरत होती. मडगावचा एक मुलगा त्या पाळीला होता. तो तिच्याकडे आलाच नाही. दारापासून दोन हात अंतरावर जमिनीवर बसला आणि एका डब्यातले प्लॅस्टिकचे मासे रंगाप्रमाणे लावू लागला. लाल मासा मुद्दाम निळ्यांत ठेवला. थोड्या वेळाने छोटीने मान वळवली. त्याने दुसराही मासा चुकीच्या रांगेत ठेवला. तिला राहवेना, ती पुढे आली आणि मासा उचलून जागेवर ठेवला. मग त्याने वडिलांना खुणेने थांबवलं, कारण ते तेवढ्यात सटकणार होते. ‘‘सांगून जा,’’ तो म्हणाला, ‘‘आणि कधी येणार तेही सांगा.’’ वडिलांनी सांगितलं. ती पुन्हा रडली, पण मासे सोडून उठली नाही.

गुपचूप निघून जाणाऱ्या पालकाला अडवणं, एवढ्या एका गोष्टीवरून मी शिक्षक ओळखते. मूल फसवलं गेलं की पुढच्या खेपेला दार लांबून दिसताच ते थबकतं. नंतर मी त्या मुलाला हे म्हटलं तेव्हा तो लाजला. ‘‘आंटी, धाकटी भावंडं सांभाळलीत ना,’’ एवढंच म्हणाला. त्याचे वडीलही तारवटी, आखातातल्या मालवाहू बोटींवर होते. गोव्यात घरातला एखादा माणूस बोटीवर असण्याची जुनी रीत आहे, आणि आता त्या रीतीत मुलं सांभाळण्याचं कामही आलं आहे.

त्याच्याचकडून मला कळलं की रंगकाम आणि गोष्टी हा त्याच्या कामाचा एक भाग. प्रवासी जहाजावर आणीबाणीत गर्दी कशी आवरायची, घाबरलेली माणसं कशी वागतात, याचं प्रशिक्षण त्याला घ्यावं लागलं होतं. मुलांच्या मनगटावर जो पट्टा बांधतात, त्यावर त्यांच्या कुटुंबाने संकटात जिथे जमायचं त्या मस्टर स्टेशनचा क्रमांक असतो. भोंगा वाजला तर आईबापांनी गर्दीच्या उलट दिशेने क्लबकडे धावायचं नाही. मुलांना त्यांच्या ठिकाणी पोचवायचं काम क्लबच्या माणसांचं. ऐकायला सोपं आहे, पण कुठल्या आईला ते जमेल? म्हणूनच सफरीच्या सुरुवातीची आणीबाणीची कवायत मन लावून करायला हवी. जानेवारी २०१२ मध्ये ‘कोस्टा कॉन्कोर्डिया’ हे जहाज इटलीजवळ खडकावर आपटलं, तेव्हा त्याच दिवशी चिवितावेक्किया बंदरात चढलेल्या प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. २०१५ पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं बंधनकारक झालं. मुलांची लाइफ जॅकेटंही वेगळी असतात आणि जहाजावरच्या प्रत्येक मुलाला एक पुरेल इतकी ठेवावीच लागतात.

आणि मोजणी. खोलीतून खेळाच्या डेकवर जाताना डोकी मोजायची, तिथे पोचल्यावर मोजायची, परतताना पुन्हा. दोघं मोजतात आणि आकडा एकमेकांना मोठ्याने सांगतात. मुलांना तो खेळ वाटतो, तीही ओरडून मोजतात. सहलीला बालवाडीची पोरं नेलेल्या कुणालाही तो आकडा जुळेपर्यंतचा श्वास ठाऊक असेल.

परत नेण्याच्या वेळची एक गोष्ट मात्र आपल्या लोकांना जड जाते. आपल्याकडे मूल सगळ्या घराचं. काका नेतो, शेजारची वहिनी नेते, कुणी विचारत नाही. एका संध्याकाळी नागपूरकडचे एक गृहस्थ पुतण्याला न्यायला आले. मूल कुणी न्यायचं त्या यादीत नाव आईबापांचं, आणि नेताना सांगायचा सांकेतिक शब्द या गृहस्थांना माहीत नाही. ‘‘अहो, मी त्याचा सख्खा काका! विचारा त्याला.’’ पुतण्या आतून ‘‘काका, काका’’ करत हात हलवत होता. तरी दक्षिण आफ्रिकेची ती मुलगी हलली नाही. आवाज न चढवता तिने आईला फोन लावला, आई आली, सही झाली, यादीत काकांचं नाव चढलं. काका सगळा वेळ अपमान झाल्यासारखे उभे होते. मला त्यांना सांगावंसं वाटलं की तुमचा पुतण्या ओळखीच्या हसऱ्या माणसाकडे बघून हात हलवतो, हीच तर धास्ती आहे. आमच्या बालवाडीत ‘मी मामा’ म्हणत कुणी आलं की मी मुलाच्या चेहऱ्यावरून अंदाज घ्यायची. अशी यादी आणि असा शब्द मला तेव्हा हवा होता.

सगळंच मला आवडलं असं नाही. संगीत फार मोठ्याने लावतात. अर्ध्या तासाला खेळ बदलतो, मूल एखाद्या चित्रात रमलं की टाळी वाजते आणि चित्र अर्धं राहतं. पडदे टाकलेला, काहीच न करण्याचा एक कोपरा तिथे हवा होता. काही मुलं सकाळी दार उघडताना आत जायची आणि रात्री खांद्यावर झोपूनच बाहेर यायची. त्यांनी समुद्र केव्हा पाहिला असेल?

आणि ही माणसं झोपतात केव्हा, हाही प्रश्न मला पडायचा. सागरी कामगारांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती द्यावी लागते. ती दोन तुकड्यांत चालते, त्यातला एक सलग सहा तासांचा हवा. म्हणजे मध्यरात्रीनंतर शेवटचं मूल सोपवून सकाळी पुन्हा दारात हसतमुख उभं राहणं नियमात बसतं. नोकरीचा करार महिनोन् महिन्यांचा, रविवार नाही. परक्याच्या मुलाला दारात जिंकून घेण्याचं काम थकलेल्या माणसाकडून करून घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून सुटू लागलं. १९९० मध्ये रॉयल कॅरिबियनसाठी बांधलेलं तेच जहाज. त्यामुळे क्रूझवरचे असे क्लब आता बॅलार्ड पिअरवरून निघणाऱ्या मराठी मुलांनाही भेटतात. या मुलांच्या घरच्यांना माझं एकच सांगणं आहे: पहिल्या दिवशीचा क्लबचा अर्ज घाईत भरू नका. शेंगदाणा सोसत नसेल तर लिहा. ताप येऊन गेला असेल तर लपवू नका. आणि ‘इतर माहिती’चा रकाना कोरा सोडू नका. जहाजावरचे संडास निर्वाताच्या ओढीने उपसले जातात, त्याचा आवाज मोठा होतो आणि पुष्कळ मुलं त्याला घाबरून तासन् तास दाबून धरतात. माझा नातू त्यातलाच. लेकीने ते अर्जात लिहिलं होतं, सोबत ‘शू’ म्हणतो हेही. मग क्लबच्या माणसांनी एक युक्ती ठरवली. तो बाहेर येऊन कान झाकून उभा राहायचा, ‘‘रेडी’’ म्हणून ओरडायचा आणि मगच ते बटण दाबायचे.