चरबीच्या रेणूंची शिवाशिवी

भर दुपारी मैदानावर दोन तास क्रिकेट झालं, की संध्याकाळी मान आणि हात कसे चुरचुरतात ना? त्या वेळी आपल्या कातडीच्या आत आणखी एक खेळ रंगलेला असतो. शिवाशिवीचा!

उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्वचेत ऑक्सिजनचे काही भलतेच चळवळे रेणू तयार होतात. त्यांतला सगळ्यांत उतावळा हायड्रॉक्सिल. त्याच्याजवळ एक ऑक्सिजन आणि एकच हायड्रोजन. पाणी व्हायला आणखी एक हायड्रोजन हवा! मग तो शेजारच्या चरबीच्या रेणूचा हायड्रोजन हिसकावतो, स्वतः पाणी होऊन मोकळा होतो, आणि राज्य येतं त्या रेणूवर. तो ऑक्सिजन पकडतो आणि पुढच्याला शिवतो. ई जीवनसत्त्व तेवढं शहाणं. ते राज्य घेतं आणि गपचूप बसून राहतं.

ही चरबी असते पेशीच्या पटलात. रेणूंचे दोन थर, डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आत. जाडी सुमारे ५ नॅनोमीटर, म्हणजे असे दोन लाख पापुद्रे रचावेत तेव्हा कुठे एक मिलिमीटर भरेल! एवढ्याशा जागेतला चालू खेळ सूक्ष्मदर्शकातून कसा दिसणार? म्हणून शास्त्रज्ञांनी तो संगणकावर मांडला.

अशा गणितांची वाट पाडणाऱ्यांत एक जण हैदराबादचे होते बरं का! अनीसुर रहमान त्यांचं नाव. १९६४ साली अमेरिकेत त्यांनी द्रवरूप अरगॉनच्या ८६४ अणूंची हालचाल संगणकावर दाखवली. रीत सोपी, पण फार चिकाटीची. प्रत्येक अणूवर शेजाऱ्यांचा किती जोर लागतो ते काढायचं, न्यूटनच्या नियमाने त्याला किंचित सरकवायचं, की पुन्हा पहिल्यापासून. सेकंदाचा फक्त दहा लाखावा भाग पाहायचा, तरी १०० कोटींच्या आसपास पावलं टाकावी लागतात!

बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना तर याची निकडच होती. न भरणाऱ्या जखमांवर आणि कर्करोगाच्या गाठींवर 'थंड प्लाझ्मा' सोडून पाहिला जातो. वीज खेळवलेला हा वायू भाजत नाही, पण असलेच चळवळे रेणू ओततो. मग तो रोगाला मारणार, की आपल्याच पेशींना? २०१३ साली त्यांनी त्वचेतल्या चरबीचा नमुना म्हणून अल्फा-लिनोलेनिक आम्ल घेतलं (आपल्या जवसाच्या तेलात असतं तेच) आणि हायड्रोजनची हिसकाहिसकी संगणकावर घडवली.

पण पुढे पटलाचं काय होतं? त्यासाठी वेगळं गणित. आधीच शिवलेले रेणू पटलात मिसळायचे आणि वाट पाहायची. गंमत अशी, की शिवलेल्या शेपटीला पाण्याची ओढ लागते. आत राहायचं सोडून ती वाकून वर येते. शेजारणी लांब सरकतात, पटल पातळ होतं, पाणी झिरपू लागतं. शेपटी तुटून आखूड झाली असेल तर भोकसुद्धा पडतं.

इथे मदतीला येतं कोलेस्टेरॉल! मोठी माणसं त्याला सारखी नावं ठेवतात, पण या पटलात ते फटींमध्ये दाटीवाटीने बसतं आणि सहसा भोक पडू देत नाही. काही कर्कपेशींच्या पटलात ते कमी असतं. प्लाझ्मा आधी त्यांनाच का लागू पडत असावा, याचं एक उत्तर इथे असू शकेल.

अर्थात संगणकातला तुकडा शे-दोनशे रेणूंचा, आणि आपल्या कातडीचा सगळ्यांत बाहेरचा थर तर निराळ्याच चरबीने सांधलेला. तेव्हा नुसत्या गणितावर विसंबून कसं चालेल? २०१७ साली अँटवर्पच्या शास्त्रज्ञांनी आपलं गणित प्रयोगशाळेतल्या खऱ्या पटलांशी ताडून पाहिलं.