एका ओळीचे मुखत्यारपत्र : कोडिंग सहायकांच्या सेटअप स्क्रिप्टविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

कृत्रिम बुद्धिमत्तेचे जे सहायक आज प्रोग्रामरच्या हाताशी बसून कोड लिहितात, तपासतात आणि दुरुस्त करतात, त्यांची स्थापना ही बहुतेकांच्या लेखी एका ओळीची बाब झाली आहे. २०२१ साली गिटहब कोपायलट आला तो एडिटरमध्ये बसणारे एक्स्टेन्शन म्हणून. पुढे २०२५ साली क्लॉड कोड, कोडेक्स सीएलआय आणि जेमिनी सीएलआय ही साधने थेट टर्मिनलमध्ये अवतरली, आणि अमुक पत्त्यावरून कर्लने स्क्रिप्ट उतरवून ती तत्क्षणी बॅशच्या स्वाधीन करावी असे सांगणारी, आधीपासूनच परिचित असलेली ओळ अधिकच रूढ झाली. ही ओळ चिकटवून एंटर दाबणारा मनुष्य वस्तुतः एक मुखत्यारपत्र लिहून देत असतो. कारण ज्याच्या खात्यातून ती स्क्रिप्ट चालते त्याचे सर्व अधिकार तिला प्राप्त होतात, त्याला ज्या फाइली वाचता येतात त्या तिलाही वाचता येतात आणि त्याला ज्या पुसता येतात त्या तिलाही पुसता येतात. या एका गोष्टीचे विस्मरण झाल्यामुळे जे समज पसरले आहेत, त्यांची छाननी करणे अगत्याचे आहे.

स्क्रिप्ट करते तरी काय? ती उघडून पाहिली तर तिच्यात गूढ असे काही नसते. आरंभीच्या ओळी ‘युनेम’ला विचारून संगणकावर मॅक आहे की लिनक्स, आणि प्रोसेसर कोणत्या जातीचा आहे, याची खातरजमा करतात, साधन एनपीएममार्गे बसवायचे असेल तर नोड कोणत्या आवृत्तीचा आहे हे पाहिले जाते, मग होम डिरेक्टरीच्या पोटात एक फोल्डर तयार करून मुख्य प्रोग्राम तेथे उतरवला जातो, त्याला चालण्याची परवानगी दिली जाते, आणि सरतेशेवटी बॅशआरसी किंवा झेडएसएचआरसी या फाइलीच्या अखेरीस एक ओळ जोडून त्या फोल्डरचा पत्ता ‘पाथ’मध्ये नोंदवला जातो. ही शेवटची पायरी ठाऊक नसल्यामुळे अनेकांची गफलत होते. स्थापना पार पडल्यावर सहायकाचे नाव टाइप करताच ‘कमांड नॉट फाउंड’ असे उत्तर आले की स्थापना फसली असे समजून ते सारा खटाटोप पुन्हा करतात; वस्तुतः उघड्या टर्मिनलने ती नवी ओळ अद्याप वाचलेलीच नसते, आणि नवे टर्मिनल उघडताच प्रश्न मिटतो.

हा सारा प्रोग्राम म्हणजेच ती कृत्रिम बुद्धी, आणि ती आता आपल्या संगणकावर नांदते आहे, असा एक समज नवशिक्यांतच नव्हे तर कचेऱ्यांच्या व्यवस्थापकांतही आढळतो. स्क्रिप्टने आणलेला प्रोग्राम हा केवळ निरोप्या असतो. मॉडेल दूरच्या सर्व्हरवर असते, आणि तुमच्या कोडचे जे अंश सहायकाला वाचावे लागतात ते इंटरनेटवरून तेथे रवाना होतात. ओलामासारख्या साधनाने खुले मॉडेल स्वतःच्याच यंत्रावर चालवणे हा निराळा मार्ग आहे, आणि त्यासाठी कित्येक गिगाबाइटांची फाइल उतरवून घ्यावी लागते. म्हणून ज्यांच्या हाती दुसऱ्याचा गोपनीय कोड आहे, त्यांनी स्क्रिप्ट चालवण्यापूर्वी आपला करारनामा वाचलेला असला पाहिजे.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज मात्र सुरक्षिततेचा आहे. पत्त्याच्या आरंभी एचटीटीपीएस आहे आणि कंपनी नामांकित आहे, तेव्हा स्क्रिप्टही निर्धोक असलीच पाहिजे, असा युक्तिवाद केला जातो. एचटीटीपीएस एवढीच हमी देते की त्या सर्व्हरवर जे होते तेच वाटेत फेरफार न होता तुमच्यापर्यंत आले. सर्व्हरवरच्या मूळ फाइलीत कोणी ढवळाढवळ केली असेल तर तीही तितक्याच इमानाने तुमच्यापर्यंत पोहोचते. २०२१ साली कोडकोव्ह या कंपनीच्या बाबतीत नेमके हेच घडले. प्रोग्रामच्या चाचण्यांनी कोडचा किती भाग तपासला गेला याचा अहवाल पाठवणारी त्यांची ‘बॅश अपलोडर’ नावाची स्क्रिप्ट असंख्य प्रकल्पांत आपोआप उतरवली आणि चालवली जात असे. डॉकर इमेज तयार करण्याच्या त्यांच्या पद्धतीत राहिलेल्या एका त्रुटीतून हल्लेखोरांना अधिकारपत्र मिळाले, आणि ३१ जानेवारी २०२१ पासून त्यांनी त्या स्क्रिप्टमध्ये वेळोवेळी बदल केले. तिच्यात घुसवलेला मजकूर पर्यावरण-चलांत ठेवलेल्या किल्ल्या आणि टोकन गुपचूप परक्या सर्व्हरकडे धाडत असे. दोन महिने कोणाला सुगावा लागला नाही. १ एप्रिलला एका ग्राहकाने, उतरवलेल्या फाइलीचा हॅश गिटहबवर प्रसिद्ध केलेल्या हॅशशी ताडून पाहिला, दोन्ही जुळेनात, आणि त्याने कंपनीला कळवले. शा-२५६ पद्धतीचा हॅश म्हणजे चौसष्ट अक्षरांची एक ओळ. तिची रुजुवात घेण्यास एक मिनिटही पुरते. मात्र प्रमाण म्हणून घेतलेला हॅश निराळ्या ठिकाणी प्रसिद्ध झालेला असावा, कारण फाइल आणि तिचा हॅश एकाच सर्व्हरवर असतील तर पहिली बदलणारा दुसराही बदलू शकतो.

‘मी ब्राउझरमध्ये स्क्रिप्ट वाचली आणि मगच चालवली’ असे सांगणारे सावध लोकही येथे पुरेसे सावध नसतात. मागणी ब्राउझरकडून आली आहे की कर्लकडून, हे सर्व्हरला ओळखता येते आणि दोघांना निरनिराळा मजकूर देता येतो. शिवाय नळीतून थेट बॅशकडे सोडलेली स्क्रिप्ट जसजशी येईल तसतशी चालत जाते; मधेच जोडणी तुटली तर अर्धी कामे झालेली आणि अर्धी राहिलेली, अशी अवस्था होते. चांगले स्क्रिप्टकार म्हणून सगळा मजकूर एका फंक्शनमध्ये बांधतात आणि त्या फंक्शनला अगदी शेवटच्या ओळीत हाक मारतात, जेणेकरून फाइल संपूर्ण आल्यावाचून काहीच घडू नये. वापरणाऱ्याने स्क्रिप्ट आधी फाइल म्हणून जतन करावी, तीच फाइल वाचावी आणि तीच चालवावी.

परवानगी नाकारल्याचा संदेश येताच आरंभी ‘सुडो’ लावून मोकळे होणे हा उपाय नव्हे. एनपीएमने सार्वत्रिक स्थापना करताना हा संदेश बहुधा एवढ्याचसाठी येतो की लिहिण्याचे फोल्डर प्रशासकाच्या मालकीचे असते. ते फोल्डर बदलून आपल्या होम डिरेक्टरीत नेले की काम भागते. सुडो लावल्याने आपल्या खात्यापुरती मुखत्यारी साऱ्या यंत्रावर पसरते, आणि कोडिंग सहायकाच्या स्थापनेला इतक्या अधिकाराची सहसा गरज नसते.

शेवटी हिरव्या अक्षरांत ‘स्थापना यशस्वी’ असे उमटले म्हणजे सर्व पायऱ्या पार पडल्या, हेही गृहीत धरता येत नाही. बॅशचा शिरस्ता असा की एक आज्ञा फसली तरी ती पुढच्या आज्ञेकडे जाते. स्क्रिप्टच्या आरंभी ‘सेट’ची योग्य कलमे लावून चूक होताच थांबण्याची तजवीज लेखकाने केली नसेल, तर मधली फाइल उतरलेली नसतानाही शेवटची ओळ यशाची द्वाही फिरवते. खरी परीक्षा म्हणजे प्रोग्रामला स्वतःची आवृत्ती विचारणे. तसेच, स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवण्यात काही बिघडत नाही हे तेव्हाच खरे, जेव्हा स्क्रिप्ट ‘पाथ’ची ओळ जोडण्यापूर्वी ती आधीच आहे की नाही हे पाहते.

स्थापनेनंतर जुळवणी येते, आणि तेथला गैरसमज अधिक महागात पडणारा आहे. प्रकल्पात क्लॉड.एमडी किंवा एजंट्स.एमडी अशी सूचनांची फाइल ठेवून तिच्यात ‘गुप्त फाइली वाचू नयेत’ असे लिहिले की बंदोबस्त झाला, असे अनेकांना वाटते. सूचना मराठीत लिहिल्या तरी सहायकाला समजतात. पण त्या सूचनाच असतात, मॉडेल त्या बहुधा पाळते, आणि ‘बहुधा’ या शब्दावर कोणाची तिजोरी सोपवता येत नाही. खरा प्रतिबंध सेटिंग्जच्या फाइलीत, परवानगी आणि मनाईच्या कलमांत असतो, कारण त्यांची अंमलबजावणी मॉडेल नव्हे तर प्रोग्राम करतो. दर वेळी विचारणा होण्याचा कंटाळा येऊन परवानगीची पायरीच वगळणारा पर्याय जे कायमचा लावून ठेवतात, त्यांनी ऑगस्ट २०२५ मधली एनएक्सची घटना ध्यानात घ्यावी. एनएक्स या लोकप्रिय साधनाच्या दूषित आवृत्त्या एनपीएमवर काही तास उपलब्ध होत्या. त्यांच्या स्थापनेबरोबर आपोआप चालणारी स्क्रिप्ट बळीच्या यंत्रावर आधीच बसवलेल्या क्लॉड, जेमिनी यांसारख्या सहायकांना परवानगी वगळणाऱ्या पर्यायांसह जागे करी, त्यांच्याकडून किल्ल्यांच्या आणि क्रिप्टो-पाकिटांच्या फाइलींचा शोध घेववी, आणि हाती लागलेला ऐवज बळीच्याच गिटहब खात्यात सार्वजनिक भांडार उघडून तेथे टाकी. येथे स्क्रिप्टला चोरीसाठी स्वतःचे शोधयंत्र लिहावे लागले नाही. यजमानाचाच सहायक तिने कामाला जुंपला. स्थापनेच्या वेळी अशा स्क्रिप्ट चालूच न देण्याचा पर्याय एनपीएममध्ये आहे, आणि जेथे शक्य असेल तेथे तो वापरावा.

राहता राहिली ती एपीआयची किल्ली. संघातल्या सर्वांची सोय व्हावी म्हणून ती स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवण्याची आणि चूक ध्यानात आल्यावर पुढच्या कमिटमध्ये पुसून टाकण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे; परंतु गिटचे दप्तर जुने पान फाडत नाही, आणि इतिहासात मागे जाणाऱ्या कोणालाही ती किल्ली जशीच्या तशी सापडते. अशा वेळी पहिले काम इतिहास साफ करण्याचे नसून सेवादात्याच्या संकेतस्थळावर जाऊन ती किल्ली रद्द करण्याचे आहे. सहायक काढून टाकतानाही हेच लागू पडते : प्रोग्राम पुसला तरी बॅशआरसीतली ओळ आणि होम डिरेक्टरीतले सेटिंग्जचे फोल्डर बहुधा मागे राहते, आणि किल्ली तर तुम्ही स्वतः रद्द करेपर्यंत किंवा तिची मुदत संपेपर्यंत चालू असते.