घरबसल्या परदेशचे काम : पहिला ग्राहक मिळवताना

चंडीगडला बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबांत एक प्रश्न हमखास आढळतो. पतीची नोकरी चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत, हवाई दलात, पीजीआय रुग्णालयात किंवा सेक्टर ३० मधील सीएसआयओसारख्या संशोधन संस्थेत. पत्नी मात्र पुण्या-नाशिकला पाच-सहा वर्षे केलेली नोकरी सोडून आलेली. पदवी आहे, अनुभव आहे, संगणकही चांगला येतो. पण दोन-तीन वर्षांनी पुन्हा बदली होणार हे उघड असल्याने कायमची नोकरी द्यायला कोणी तयार होत नाही, आणि कुणी दिलीच तर ती अंगवळणी पडेपर्यंत सामान बांधायची वेळ येते. प्रत्येक नव्या गावी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची, याचा कंटाळा येऊन अनेक जणी शेवटी प्रयत्नच सोडून देतात.

अशा घरांत अलीकडे एक शब्द वारंवार ऐकू येतो, तो म्हणजे फ्रीलान्सिंग. कुणाची नोकरी न धरता सुटे काम घ्यायचे आणि त्या कामापुरते पैसे घ्यायचे. तसे पाहिले तर शिकवण्या, शिवणकाम, पापड-लोणची हेही त्याच जातीचे उद्योग. फरक इतकाच की इथे ग्राहक शेजारच्या सेक्टरमधला नसून मेलबर्न किंवा शिकागोचा असतो, आणि ओळख करून देणाऱ्या मावशींच्या जागी एक संकेतस्थळ असते. अपवर्क, फायव्हर, फ्रीलान्सर डॉट कॉम ही त्यांतली मोठी नावे. खाते उघडायला अर्धा तास पुरतो. त्यानंतर पहिले काम मिळायला आठवडे, कधी महिने लागतात, आणि बहुतेकांचा धीर याच काळात सुटतो.

विश्वासाचा बाजार

हे बाजार मुळात कसे सुरू झाले ते पाहिले, तर नवख्या माणसाची अडचण चटकन ध्यानात येते. १९९९ च्या सुमारास अमेरिकेत ईलान्स ही कंपनी निघाली. तिच्या संस्थापकांपैकी एक बीरुद शेठ हे मुंबईच्या पवई आयआयटीचे विद्यार्थी. पुढे २००३ मध्ये दोन ग्रीक मित्रांनी ओडेस्क सुरू केली. त्यांतला एक अमेरिकेत होता, दुसरा अथेन्समध्ये. हजारो मैलांवर बसलेला माणूस खरोखर काम करतो आहे याची खात्री पैसे देणाऱ्याला कशी पटवायची, या त्यांच्या स्वतःच्या अडचणीतून ती कंपनी उभी राहिली. डिसेंबर २०१३ मध्ये या दोन कंपन्यांच्या एकत्रीकरणाची घोषणा झाली आणि २०१५ मध्ये त्यांचे नाव अपवर्क झाले. फायव्हर २०१० मध्ये इस्राएलमध्ये निघाली. सुरुवातीला तिथे कोणतेही काम पाच डॉलरला मिळे, त्यावरूनच ते नाव पडले.

म्हणजे ही संकेतस्थळे काम देतात असे म्हणण्यापेक्षा, एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन माणसांमध्ये विश्वासाची सोय करतात असे म्हणणे अधिक बरोबर. आधीच्या ग्राहकांनी दिलेले तारे आणि अभिप्राय ही तिथली पत. नव्याने आलेल्या व्यक्तीकडे पदवी असते, अनुभव असतो. ही पत मात्र शून्य असते. पुण्यात आठ वर्षे हिशेब सांभाळलेली स्त्री तिथे कालच्या पोरासारखी कोरी दिसते. याचे वाईट वाटणे साहजिक आहे, पण त्यात अपमान मानण्याचे कारण नाही.

चंडीगडकरांसमोर आणखी एक अडचण आहे. लगतच्या मोहालीत, विशेषतः फेज ८ च्या औद्योगिक वसाहतीत, संगणकक्षेत्रातल्या लहान-मध्यम कंपन्यांची दाटी आहे. यांतल्या अनेकांची कामे याच संकेतस्थळांवरून येतात, आणि त्यासाठी तिथे ‘बिडर’ नावाचे खास पद असते. संकेतस्थळावर पडणाऱ्या कामांवर नजर ठेवायची आणि एकामागून एक प्रस्ताव धाडायचे, एवढेच या पगारी माणसाचे काम. चंडीगडमध्ये संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेआठ-साडेनऊ झालेले असतात. म्हणून ही कचेरी रात्री जागी असते. स्वयंपाक उरकून दहा वाजता संगणकापुढे बसणाऱ्या गृहिणीची, किंवा सेक्टर ३४ मधल्या एखाद्या वर्गात सहा महिन्यांचे प्रशिक्षण नुकतेच संपवलेल्या मुलाची गाठ या मंडळींशी असते. ‘वेबसाइट बनवून मिळेल’, ‘सर्व प्रकारची टंकलेखनाची कामे’ असा ढोबळ फलक लावून त्यांच्याशी स्पर्धा करणे व्यर्थ आहे.

एकच काम, पण नेमके

उपाय सोपा आहे, पण मनाला पटायला वेळ लागतो. काम जितके नेमके, तितकी गर्दी कमी. ‘हिशेब लिहिते’ याऐवजी ‘ऑनलाइन कपडे विकणाऱ्या छोट्या दुकानांचे महिन्याचे हिशेब जुळवून देते’ असे म्हणणाऱ्या स्त्रीचा अर्ज तसा दुकानदार थांबून वाचतो. मराठी माणसाजवळ आणखी एक भांडवल आहे, ज्याची त्याला सहसा आठवण होत नाही. ते म्हणजे त्याची भाषा. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा नोंदवली. एवढ्या लोकांपर्यंत पोहोचू पाहणाऱ्या कंपन्यांना मराठी उपशीर्षके, ध्वनिफितीवरून लिहून काढणे, आवाज देणे, यंत्राने केलेले भाषांतर तपासणे अशी कामे करून घ्यावी लागतात. ती संख्येने फार नसतात, पण मोहालीचा बिडर तिथे फिरकत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून साधे लेखन, सरळसोट भाषांतर आणि नुसती माहिती भरण्याची कामे रोडावली आहेत, हेही नीट समजून घ्यावे. यंत्र जे चुटकीसरशी करते ते शिकण्यात आज सहा महिने घालवण्यात अर्थ नाही. यंत्राने केलेल्या कामातली चूक ज्याला ओळखता येते, त्याला अजून मागणी आहे.

खाते उघडण्यापूर्वी दोन-तीन नमुने तयार हवेत. ग्राहक नव्हते म्हणून नमुने नाहीत, ही सबब चालत नाही. हिशेबनीस स्त्री एखाद्या काल्पनिक दुकानाचा तीन महिन्यांचा ताळेबंद मांडू शकते. भाषांतर करणारी एखाद्या सरकारी आरोग्यपत्रकाचा अनुवाद दाखवू शकते. जुन्या कचेरीतली कागदपत्रे मात्र नमुना म्हणून कदापि वापरू नयेत. ती दुसऱ्याची मालमत्ता आहे आणि परदेशी ग्राहकाला ते बरोबर कळते. आपली कागदे उद्या हीच बाई दुसऱ्याला दाखवील, असा विचार तो करतो.

अर्ज, म्हणजे तिथल्या भाषेत प्रपोजल, याची तर फार हेळसांड होते. ग्राहकापुढे पन्नास अर्ज आले, तर यादीत त्याला प्रत्येकाच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. त्या ओळी ‘आदरणीय महोदय, मी एक मेहनती व प्रामाणिक...’ यात खर्ची पडल्या तर पुढचे कोणी वाचत नाही. पहिल्याच वाक्यात त्याच्या कामाविषयी काही निश्चित हवे : आपल्या यादीत एकाच ग्राहकाचे नाव तीन प्रकारे लिहिलेले दिसते, ते आधी एकसारखे करून मग हिशेब जुळवीन. शिवाय अर्ज फुकट नसतो. अपवर्कवर अर्जासाठी ‘कनेक्ट्स’ लागतात आणि एक कनेक्ट पंधरा सेंटला पडतो. दहा कनेक्ट्स लागणाऱ्या एका अर्जाचा खर्च दीड डॉलर. महिन्याला तीस अर्ज कसेही फेकण्यापेक्षा आठ विचारपूर्वक लिहिलेले बरे.

पहिले काम लहान असावे, दोन-तीन दिवसांत हातावेगळे होईल असे. त्याचा मोबदला थोडा कमी घ्यायला हरकत नाही, कारण त्यातून मिळणारा अभिप्राय पुढचे दार उघडतो. फुकट मात्र करू नये. ‘आधी नमुन्यादाखल एवढे करून द्या, आवडले तर मोठे काम देऊ’ असे सांगून दहा जणांकडून दहा तुकडे करून घेणारे महाभागही असतात. आणि स्वस्त दर दुसऱ्या-तिसऱ्या कामानंतर वाढवावा. तसे न केल्यास स्वस्त म्हणूनच नाव पडते.

पैसे हातात कसे पडतात

ठरलेल्या रकमेचे काम असेल तर ग्राहकाने ती रक्कम संकेतस्थळाकडे आधी जमा करायची असते. ती जमा झाल्याची सूचना दिसेपर्यंत काम सुरू करू नये. अपवर्कवर काम पाठवल्यावर ग्राहक गप्प राहिला, तर चौदा दिवसांनी पैसे आपोआप मोकळे होतात. त्याने मंजुरी दिली तरी हाती यायला आणखी पाच दिवस लागतात. तासांवर काम असेल तर एक छोटी प्रणाली संगणकाच्या पडद्याची अधूनमधून चित्रे घेते आणि ती ग्राहकाला दिसतात. कामाच्या वेळात मुलाने त्याच संगणकावर कार्टून लावले, तर तेही दिसते! म्हणून जमल्यास संगणक वेगळा असावा.

संकेतस्थळाचा हिस्सा वेगळाच. फायव्हर वीस टक्के कापते, म्हणजे पन्नास डॉलरच्या कामाचे चाळीस उरतात. अपवर्कने मे २०२५ पासून नव्या कामांवर शून्य ते पंधरा टक्के असा बदलता दर ठेवला आहे. त्याउपर डॉलरचे रुपये करताना थोडी कपात होतेच. दर ठरवताना हे सारे आधीच धरावे लागते.

ही कमाई करपात्र असते आणि ती विवरणपत्रात दाखवावी लागते. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला साधारणपणे जीएसटी नोंदणीची गरज पडत नाही. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेची बँकेची पावती जपून ठेवावी. दोन-तीन वर्षांची नीट भरलेली विवरणपत्रे पुढे घरासाठी कर्ज मागताना उपयोगी येतात. पगाराची स्लिप नसलेल्या माणसाकडे बँकेला दाखवायला दुसरे असते तरी काय? भविष्यनिर्वाह निधी, भरपगारी रजा, बाळंतपणाची रजा यांतले काहीही इथे मिळत नाही. आरोग्य विमा आणि म्हातारपणाची तजवीज स्वतःच करावी लागते.

फसवणुकीच्या वाटा

घरबसल्या काम शोधणाऱ्या स्त्रीवर टपून बसलेले लोक पुष्कळ आहेत. नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क, अनामत अशा कोणत्याही नावाने आधी पैसे मागणारा ग्राहक हा ग्राहक नव्हेच. दुसरा प्रकार अधिक क्रूर. माहिती भरण्याचे काम म्हणून करारावर सही घेतात, रात्रंदिवस हजारो फॉर्म भरून घेतात, मग चुका फार निघाल्या असे सांगून पैसे नाकारतात आणि वर वकिलाच्या नावाने नोटीस पाठवून दंड मागतात. घाबरून दागिने मोडून पैसे भरणाऱ्या बायका असतात, आणि लाजेपोटी घरात सांगतही नाहीत. अशा नोटिशीला पैसे पाठवू नयेत. १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी आणि सर्वांत आधी घरच्यांना सांगावे.

तिसरा प्रकार दिसायला निरुपद्रवी असतो. ‘तुमचे खाते आम्हाला वापरू द्या, काम आम्ही करू, महिन्याला भाडे देऊ.’ खाते एका माणसाचे, त्याच्या ओळखपत्रावर उघडलेले असते. ते भाड्याने देणे नियमाविरुद्ध आहे. पुढे काही गैरव्यवहार झाला तर नाव आणि पॅन भाडे घेणारीचे अडकते, भाडेकरू केव्हाच पसार झालेला असतो. काम ठरण्यापूर्वीच टेलिग्रामवर बोलायला बोलावणाऱ्यांनाही दूरच ठेवावे. संकेतस्थळाबाहेर पैशांचा व्यवहार केला की त्याचे संरक्षण संपते.

घरच्यांचा वाटा

बाहेर जाऊन केलेले कामच काम, असे मानणाऱ्या घरात ही कमाई टिकत नाही. सून दिवसभर घरीच तर असते, मग गॅसवाला, पाहुणे, मुलांचा अभ्यास सगळे तिच्याच गळ्यात. रात्री साडेनऊला परदेशातल्या ग्राहकाशी बोलणे ठरले असेल आणि त्याच वेळी गरम पोळ्यांची मागणी आली, तर ती ग्राहकाला काय सांगणार? मोठे घर लागत नाही. दार बंद होईल असा एक कोपरा, वीज गेली तर चालणारे इंटरनेट आणि दिवसाचे ठरलेले चार तास एवढे पुरते. पण ते चार तास पतीने आणि सासू-सासऱ्यांनी कचेरीच्या वेळेइतकेच पाळले पाहिजेत. सुरुवातीचे दोन-तीन महिने काहीच हाती येत नसताना ‘अजून किती दिवस हा खेळ?’ असे कोणी न विचारणे, ही तर फारच मोठी मदत. घरखर्च मात्र या काळात या कमाईवर अवलंबून ठेवू नये. हातची नोकरी असेल तर पहिले सहा महिने ती सोडूही नये.

बदलीचा हुकूम आला की पुन्हा खोकी भरणे आलेच. या वेळी त्या यादीत फरक इतकाच, की चालू ग्राहकांना आठवडाभर आधी कळवायचे, खात्यावर चार दिवस ‘उपलब्ध नाही’ अशी नोंद ठेवायची आणि नव्या गावी पोचल्यावर बँकेत व संकेतस्थळावर पत्ता बदलायचा. संगणक तेवढा सामानाच्या ट्रकमध्ये न घालता गाडीत स्वतःजवळ ठेवावा. जोधपूर असो की तेजपूर, मिळवलेले तारे आणि अभिप्राय खात्यावर तसेच असतात, आणि मेलबर्नच्या दुकानदाराला महिनाअखेरीस त्याचे हिशेब वेळेवर हवे असतात.