औषध दुधाळ झालं नाही म्हणून…

खानापूर-लोंढा रेल्वेमार्गावरच्या गुंजीकडे भाताची शेतं, निपाणीच्या पट्ट्यात तंबाखू. पिकं वेगळी, पण फवारणीच्या औषधांच्या लेबलावरची अक्षरं दोन्हीकडे तीच. ‘ईसी’ लिहिलेलं औषध पाण्यात पडताच दुधासारखं पांढरं होतं. ‘एमई’, म्हणजे मायक्रोइमल्शन, मात्र मिसळल्यावरही पारदर्शक किंवा किंचित निळसर दिसतं. तेलाचे थेंब दोन्हीत असतात. फरक त्यांच्या आकाराचा.

दुधाळ मिश्रणातले थेंब साधारण एक मायक्रॉन किंवा त्याहून मोठे असतात. ते प्रकाश विखुरतात आणि पंप ठेवून दिला, तर हळूहळू वेगळेही होतात. मायक्रोइमल्शनमधले थेंब १० ते १०० नॅनोमीटरचे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असल्याने इतके लहान थेंब प्रकाशाला फारसे अडवत नाहीत.

ही किमया सरफॅक्टंटची. त्याच्या रेणूचं डोकं पाण्याकडे, शेपूट तेलाकडे ओढलं जातं, म्हणून तो दोघांच्या सीमेवर दाटीने उभा राहतो. तेल-पाण्यातला ताण एरवी मीटरला सुमारे ५० मिलिन्यूटन असतो. योग्य सरफॅक्टंट तो हजारो पटींनी उतरवतो. मग रेणूंची स्वाभाविक धडपडसुद्धा थेंब बारीक करायला पुरते. टी. पी. होर आणि जे. एच. शुलमन यांनी १९४३ मध्ये अशा पारदर्शक मिश्रणांचं वर्णन केलं. ‘मायक्रोइमल्शन’ हे नाव रूढ झालं ते १९५९ नंतर.

थेंब कशाचे होणार, हे रेणूच्या घडणीवर ठरतं. डोकं रुंद आणि शेपूट बारीक असेल, तर सीमा तेलाभोवती वळते आणि पाण्यात तेलाचे थेंब तयार होतात. डोकं लहान आणि शेपट्या दोन असतील, तर वळण उलटतं आणि तेलात पाण्याचे थेंब होतात. दोन्ही बाजू तुल्यबळ असतील, तर थेंबच उरत नाहीत. तेल आणि पाणी एकमेकांत गुंफलेल्या सलग वाटा धरतात.

हा तोल नाजूक असतो. काही सरफॅक्टंटची डोकी उन्हाने तापलेल्या पाण्यात आपल्याभोवतीचं पाणी गमावतात. विद्युतभारित डोक्यांमधलं परस्परांना दूर लोटणं क्षारांमुळे क्षीण होतं. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल, तर पंप भरण्याआधी त्याच पाण्यात, लेबलवरच्याच प्रमाणात थोडं औषध काचेच्या बरणीत मिसळून पाहावं. तेल वर आलं किंवा साका बसला, तर ते पाणी वापरू नये.

आणि ‘एमई’ औषध पांढरं झालं नाही, म्हणून जास्तीचं ओतू नये. पांढरेपणातून थेंबांचा आकार कळतो, औषधाची ताकद नाही. मात्रा लेबलवर लिहिलेलीच घ्यावी.